चौदा तालुक्यांचा दौरा

अमरावतीच्या मुख्य ठाण्याहून निघून भातकुली, नांदगाव खंडेश्वर, चांदूर रेल्वे, धामणगाव रेल्वे, तिवसा, मोर्शी, वरुड, चांदूर बाजार, अचलपूर, अंजनगाव सुर्जी, दर्यापूर, चिखलदरा आणि धारणी या तेराही तहसिलींच्या कचेऱ्यांची एकेकदाच पाहणी करून पुन्हा अमरावतीस परतावे, आणि या सर्व फिरतीत सरकारी इंधनाचा एक थेंबही वाया जाऊ नये, असे ज्याच्या मनात आहे अशा एखाद्या काटकसरी अधिकाऱ्याने आपल्या शिरस्तेदारास ‘सर्वांत कमी अंतराचा दौरा आखून द्या’ असा हुकूम फर्मावला, तर तो हुकूम वरकरणी दिसतो तितका साधा नाही हे त्या बिचाऱ्याला कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर लवकरच कळून येईल.

हिशेब असा आहे. पहिल्या मुक्कामासाठी तेरा पर्याय, तो ठरला की दुसऱ्यासाठी बारा, तिसऱ्यासाठी अकरा, आणि असे उतरत उतरत अखेरच्या ठाण्यापर्यंत पोचल्यावर या संख्यांचा गुणाकार भरतो 6,22,70,20,800. तोच दौरा उलट दिशेने केला तरी अंतर तेवढेच होते, म्हणून याचे निम्मे केले तरी 311 कोटींहून अधिक दौरे तपासावयाचे उरतात; आणि मिनिटाला एक या चालीने, न जेवता, न झोपता कोणी कारकून ही यादी तपासू लागला तर त्याला सुमारे 5,900 वर्षे लागतील. शेजारच्या अकोला जिल्ह्यातील शिरस्तेदाराचे नशीब थोर म्हटले पाहिजे. तेथे अकोला, अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूर, बार्शीटाकळी आणि मूर्तिजापूर अशी सातच ठाणी असल्यामुळे त्याच्या वाट्याला अवघे 360 दौरे येतात, आणि सकाळी कामाला बसलेला त्याचा कारकून त्याच चालीने सहा तासांत मोकळा होतो. तालुके दुप्पट झाले तर काम दुप्पट होईल, फार तर चौपट होईल, ही आपली व्यवहारातली अटकळ येथे साफ फसते.

अशा वाढीचे नवल आपल्या पूर्वसूरींना नव्हते असे नाही. 1150 साली रचलेल्या ‘लीलावती’त, अंकपाशाच्या प्रकरणात, भास्कराचार्यांनी असा प्रश्न घातला आहे की शंभूच्या दहा हातांतील दहा वस्तूंची परस्पर अदलाबदल केली तर मूर्तीचे किती भेद संभवतात, आणि हरीच्या चार हातांतील शंख, चक्र, गदा व पद्म यांची केली तर किती; उत्तरे अनुक्रमे 36,28,800 आणि 24 अशी आहेत. वऱ्हाडाला लागून असलेल्या खानदेशात, चाळीसगावाजवळ पाटण येथे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्या मठातील विद्यार्थ्यांना असे भेद मोजण्याची रीत ठाऊक असणार यात शंका नाही. मात्र भेद किती, हे सांगणे निराळे आणि त्या असंख्य भेदांतून सर्वोत्तम असा एकच वेचून काढणे निराळे. पहिले काम एका गुणाकाराचे आहे, दुसऱ्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील गणितज्ञांची झोप उडविली.

‘मग यंत्र आणा,’ असे कोणीही म्हणेल. सेकंदाला एक कोटी दौरे तपासणारे यंत्र आपण आणले असे मानू. अमरावतीचे चौदा तालुके ते सव्वापाच मिनिटांत उरकील. परंतु त्याच अधिकाऱ्याकडे अकोल्याचाही कारभार सोपविला आणि एकवीस तालुक्यांचा एकच दौरा आखावयास सांगितला, तर त्याच यंत्राला सुमारे 3,850 वर्षे लागतील. आणि बुलढाणा, वाशीम व यवतमाळ हे जिल्हे धरून संपूर्ण अमरावती विभागाच्या छप्पन तालुक्यांचा विचार केला, तर संभाव्य दौऱ्यांची संख्या त्र्याहत्तर आकडी होते, आणि त्यापुढे यंत्र सहस्रपट वेगवान केले काय किंवा लक्षपट केले काय, सारखेच. दोष यंत्राचा नव्हे, रीतीचा आहे. तेव्हा प्रश्न उरतो तो असा की एकेक करून सर्व दौरे तपासण्यापेक्षा शहाणी अशी काही रीत आहे काय, आणि नसेल तर ती नाहीच हे कोणी सिद्ध करून दाखवील काय? सैद्धांतिक संगणकशास्त्र नावाची जी विद्या आहे तिचा मध्यवर्ती प्रश्न हाच; आणि ज्यांना संगणकशास्त्र म्हणजे यंत्रे जुळविण्याची आणि चालविण्याची कला वाटते त्यांना हे ऐकून आश्चर्य वाटेल की या विद्येतील बहुतेक थोर कामे कागदावरच झालेली आहेत, आणि त्यांपैकी काही तर संगणक जन्मास येण्यापूर्वीच.

शहाणी रीत असू शकते, हे आधी पटवून दिले पाहिजे. अमरावतीहून परतवाडा, सेमाडोह, हरिसाल असे करीत धारणीस जाणारा रस्ता हाच जवळचा की दुसरा एखादा आहे, हे ठरविण्यासाठी जिल्ह्यातील सर्व वाटांची यादी करावी लागत नाही. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने 1959 साली प्रसिद्ध केलेली रीत जवळच्या गावापासून दूरच्या गावाकडे क्रमाने सरकत हे काम चुटकीसरशी करते, आणि गावे हजारांनी वाढली तरी तिला दम लागत नाही. तसेच, चौदाही ठाणी एकमेकांना जोडली जातील अशा बेताने कमीत कमी तार ओढावयाची असेल, तर ओटाकार बोरूव्का या चेक गणितज्ञाने 1926 साली, मोराव्हियातील वीजवाहिन्यांचा विचार करताना, सोपी रीत दाखवून दिलेली आहे. जवळची वाट, स्वस्त जाळे आणि लहान दौरा हे तीन प्रश्न सख्ख्या भावंडांसारखे दिसतात, तिन्हींची सामग्री तीच, म्हणजे गावे आणि त्यांच्यामधील अंतरे. परंतु पहिली दोन सुलभ निघाली आणि तिसऱ्यासाठी प्रत्येक वेळी हमखास लागू पडणारी वेगवान रीत आजतागायत सापडलेली नाही. असे का व्हावे, याचे समाधानकारक उत्तर कोणापाशीही नाही, आणि माझ्या मते या विद्येचे सारे आकर्षण याच एका विषमतेत आहे.

सोपे आणि अवघड यांचा विचार करण्यापूर्वी एक त्याहून मूलभूत शंका निपटावी लागते: जगात असे काही प्रश्न आहेत काय, की ज्यांना कोणतीच रीत, मग ती कितीही मंद असो, लागू पडणार नाही? येथे देवळालीच्या एका शाळामास्तरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी 1949 साली जाहीर केलेली कृती अशी की, चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी, आणि आलेल्या बाकीवर हेच पुन्हा करीत राहावे. वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला गेला ते 1903 हे सालच घ्या. 9310 मधून 0139 वजा जाता 9171, मग 9711 वजा 1179 म्हणजे 8532, आणि 8532 वजा 2358 म्हणजे 6174. येथून पुढे कितीही वेळा कृती केली तरी 6174 च. कोणत्याही संख्येपासून प्रारंभ करा, सातहून अधिक पायऱ्या लागत नाहीत. चार अंकी संख्या मोजक्याच असल्यामुळे हे एकेक तपासून सिद्ध करता येते.

आता याच जातीची, परंतु संख्येवर मर्यादा नसलेली, दुसरी कृती पाहू: संख्या सम असेल तर निम्मी करावी, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवावा, आणि 1 आला की थांबावे. 27 पासून निघाले तर 111 पायऱ्यांनी 1 येतो. परंतु प्रत्येक संख्येपासून निघून 1 येईलच काय? लोथार कोलात्झ या जर्मन गणितज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा हा प्रश्न शाळकरी मुलाला समजतो आणि तो आजही अनिर्णित आहे. तेव्हा साहजिकच असे वाटते की अशा एकेका कृतीच्या मागे लागण्यापेक्षा, कोणतीही कृती पुढे ठेवली असता ती कधीतरी थांबेल की अनंतकाळ चालत राहील याचा निकाल देणारी एकच सर्वसाधारण रीत शोधून काढावी, म्हणजे सगळाच तंटा मिटेल.

अशी रीत असणे शक्य नाही, हे ॲलन ट्यूरिंग या इंग्रज तरुणाने 1936 साली सिद्ध केले, आणि त्याची सिद्धता इतकी आखूड आहे की ती येथे देण्याचा मोह आवरत नाही. समजा, अशी एक परीक्षक-कृती आहे, जिच्यापुढे कोणत्याही कृतीचा लेखी मसुदा आणि तिला पुरविण्याची सामग्री ठेवली की ती ‘थांबेल’ किंवा ‘थांबणार नाही’ असा अचूक फैसला देते. तिच्या आधारे एक खोडकर कृती रचू. ही खोडकर कृती हाती आलेला मसुदा परीक्षकापुढे ठेवून विचारते की हा मसुदा स्वतःलाच सामग्री म्हणून पुरविला तर थांबेल काय. परीक्षक ‘थांबेल’ म्हणाला तर ती स्वतः अखंड फिरत राहते, आणि ‘थांबणार नाही’ म्हणाला तर ती तत्क्षणी थांबते. आता या खोडकर कृतीला तिचाच मसुदा द्यावा. परीक्षक ‘थांबेल’ म्हणाला तर ती थांबत नाही, ‘थांबणार नाही’ म्हणाला तर थांबते. म्हणजे परीक्षक कसाही बोलला तरी खोटा ठरतो, सबब असा परीक्षक असूच शकत नाही. यंत्र अजून तयार व्हावयाचे होते, पण त्याच्या सामर्थ्याची हद्द आधीच आखली गेली.

ही हद्द केवळ तर्काच्या खेळापुरती आहे असेही नव्हे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त एक प्रसिद्ध उदाहरण आहे: एका संख्येच्या वर्गाला 61 ने गुणून एक मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्गच व्हावा, अशी संख्या कोणती? चक्रवाल पद्धतीने त्यांनी काढलेले सर्वांत लहान उत्तर 22,61,53,980 हे असून त्यापासून होणाऱ्या वर्गाचे मूळ 1,76,63,19,049 आहे. या जातीच्या समीकरणांना चक्रवाल हमखास उत्तर देते. 1900 साली पॅरिस येथे डाव्हिड हिल्बर्ट यांनी नव्या शतकापुढे जे तेवीस प्रश्न मांडले त्यांतील दहावा असा होता की पूर्णांकांतील कोणत्याही समीकरणाला उत्तर आहे किंवा नाही हे ठरविणारी एकच रीत द्यावी. आणि मार्टिन डेव्हिस, हिलरी पुटनम व ज्युलिया रॉबिन्सन यांच्या कामावर कळस चढवून युरी मातियासेविच या रशियन तरुणाने 1970 साली दाखवून दिले की अशी रीत असंभव आहे. एकेका समीकरणापुरते भास्कराचार्य जिंकतात. सर्व समीकरणांचा एकदम मक्ता मात्र कोणालाच मिळत नाही.

आता दौऱ्याकडे वळू. तो असंभव कोटीतला नाही, कारण सर्व दौरे तपासले तर उत्तर निश्चित मिळते. अडचण काळाची आहे. येथे एक मार्मिक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शिरस्तेदाराने जर अमुक किलोमीटरांच्या आत बसणारा दौरा खरोखरच आखून आणला, तर तो तसा आहे की नाही हे अधिकाऱ्याला चौदा अंतरांची बेरीज करून मिनिटभरात पडताळता येते. शोधणे महाकठीण, पडताळणे सोपे. परीक्षेचे वेळापत्रक असे आखणे की कोणाही विद्यार्थ्याचे दोन पेपर एका वेळी येऊ नयेत. नकाशावरील तालुके तीनच रंगांत असे रंगविणे की शेजारच्या दोघांना एकच रंग येऊ नये. निरनिराळ्या वजनाची गाठोडी कमीत कमी मालमोटारींत बसविणे. या सर्वांची गत तीच. ज्या प्रश्नांची उत्तरे लवकर शोधता येतात त्यांच्या वर्गाला शास्त्रज्ञ ‘पी’ म्हणतात, आणि ज्यांची उत्तरे निदान लवकर पडताळता येतात त्यांच्या वर्गाला ‘एनपी’. जे लवकर शोधता येते ते लवकर पडताळता येतेच. परंतु जे लवकर पडताळता येते ते सर्व लवकर शोधताही येते काय, म्हणजे हे दोन वर्ग वस्तुतः एकच आहेत काय, हा आजच्या गणितातील अग्रगण्य प्रश्नांपैकी एक होय.

1971 साली स्टीफन कुक यांनी टोरंटोत, आणि त्यांच्यापासून सर्वस्वी स्वतंत्रपणे लिओनिद लेविन यांनी सोव्हिएत रशियात, असे दाखविले की एनपी वर्गातील काही प्रश्न साऱ्या वर्गाचे मुखत्यार असतात: त्यांपैकी एकाला वेगवान रीत सापडली की सर्वांनाच सापडली. पुढल्याच वर्षी रिचर्ड कार्प यांनी निरनिराळ्या क्षेत्रांतील एकवीस प्रश्न असे मुखत्यार असल्याचे सिद्ध केले, आणि त्यानंतर ही यादी हजारांवर गेली. याचा अर्थ असा की, वेळापत्रकाचा गुंता, नकाशाचे तीन रंग आणि चौदा तालुक्यांचा दौरा हे वेगवेगळ्या वेषांतील एकच कोडे आहे. बहुतेक तज्ज्ञांचा कौल हे दोन वर्ग भिन्न असल्याच्या बाजूने आहे, पण कौल म्हणजे सिद्धता नव्हे. अमेरिकेतील क्ले गणित संस्थेने 2000 साली ज्या सात प्रश्नांवर प्रत्येकी दहा लाख डॉलरांचे इनाम लावले त्यांत हा एक आहे.

या कहाणीत मराठी माणसे दोन जागी येतात, आणि गमतीची गोष्ट अशी की एकाने शक्यतेची हद्द पुढे सरकविली, तर दुसऱ्याने अशक्यतेची हद्द कोठवर येते याचे अनुमान बांधले.

पहिले नरेंद्र करमरकर. ग्वाल्हेरच्या मराठी घरातील हे गृहस्थ मुंबईच्या आयआयटीतून 1978 साली पदवीधर झाले आणि पुढे बर्कलीत वर उल्लेखिलेल्या कार्प यांचे शिष्य झाले. त्यांनी हाताळलेला प्रश्न वऱ्हाडातील व्यापाऱ्याला सांगण्याची गरज नाही. अकोट, तेल्हारा, दर्यापूर आणि अंजनगावच्या बाजारांत इतका इतका कापूस आला आहे, अकोला, मूर्तिजापूर आणि अमरावतीच्या जिनांची रोजची कुवत अमुक आहे, प्रत्येक बाजारापासून प्रत्येक जिनापर्यंतचे भाडे ठरलेले आहे. तर कोठला कापूस कोठे धाडला असता एकूण भाडे कमीत कमी पडेल? याला रेखीय नियोजनाचा प्रश्न म्हणतात. 1947 साली जॉर्ज डँटझिग यांनी दिलेली रीत कल्पनेने समजून घ्यावयाची तर, सर्व अटींत बसणाऱ्या योजनांची मिळून एक बहुपैलू आकृती होते, हिऱ्यासारखी, आणि डँटझिगची रीत तिच्या कडांवरून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्याकडे, प्रत्येक वेळी भाडे कमी होईल अशा दिशेने, चालत जाते. व्यवहारात ती उत्तम चालते. पण क्ली आणि मिंटी या दोघांनी 1972 साली असे कपटी हिरे घडवून दाखविले की त्यांवर तिला जवळजवळ प्रत्येक कोपऱ्याला भेट द्यावी लागावी, आणि कोपऱ्यांची संख्या तर दौऱ्यांसारखीच बेफाम वाढते. 1979 साली रशियाच्या लिओनिद खाचियान यांनी या प्रश्नाला हमखास वेगवान रीत आहे हे सिद्ध केले खरे, पण त्यांची रीत कागदावर वेगवान आणि कामाला बसविली की रेंगाळणारी निघाली.

करमरकरांनी 1984 साली कडेकडेने जाण्याचा नादच सोडला आणि हिऱ्याच्या पोटातून वाट काढली. आतल्या एखाद्या बिंदूपासून निघावे, प्रत्येक पावलानंतर आकृतीलाच असे ताणून घ्यावे की आपला बिंदू पुन्हा मध्यभागी यावा, आणि मग पुढचे पाऊल टाकावे, अशी ती रीत असून तिच्या वेगाची सिद्धताही होती आणि कामातही ती डँटझिगच्या रीतीशी टक्कर देऊ शकली. तिशीही न गाठलेल्या या मराठी तरुणाची वार्ता त्या वर्षी नोव्हेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर छापली. त्यांच्या मालकांनी, म्हणजे एटी अँड टी कंपनीने, या रीतीवर 1988 साली पेटंटही मिळविले. गणिताच्या रीतीवर कोणी मालकी सांगावी हे मला रुचत नाही, आणि त्या काळी पुष्कळ गणितज्ञांनाही रुचले नाही. भास्कराचार्यांनी चक्रवालावर सनद घेतली असती तर आपण त्यांना काय म्हटले असते? परंतु करमरकरांच्या कर्तृत्वाला त्याने उणेपणा येत नाही. आतून वाट काढण्याच्या रीतींचे एक मोठे कूळच त्यांच्यामागून उभे राहिले.

आणि रेखीय नियोजनाची मदत दौऱ्यालाही होते. डँटझिग, फुलकरसन आणि जॉन्सन यांनी 1954 साली तेच हत्यार वापरून अमेरिकेतील 49 शहरांचा सर्वांत लहान दौरा शोधला, आणि त्याच मार्गाने पुढे जात 2006 साली 85,900 ठिकाणांचे एक उदाहरण सुटले. तेव्हा वऱ्हाडाच्या छप्पन तालुक्यांचा दौरा आज साध्या संगणकावर प्रत्यक्षात निघतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. निघत नाही ती हमी. पुढले उदाहरण कितीही कपटी असो, ते लवकर सुटेलच असे कोणी लिहून देत नाही.

हमी नाही तर मग अदमासाने भागवावे काय? हा प्रश्न व्यवहारी आहे, आणि येथे दुसरे मराठी नाव येते. दौऱ्यापुरते पाहिले तर बोरूव्काच्या स्वस्त जाळ्याच्या प्रत्येक तारेवरून एकदा जाऊन एकदा परत यावे आणि पाहिलेली ठाणी वगळत पुढे सरकावे, एवढे केले तरी होणारे अंतर सर्वोत्तम दौऱ्याच्या दुपटीहून अधिक भरत नाही. 1976 साली निकोस क्रिस्टोफिडीस यांनी ही दुपट दीडपटीवर आणली, आणि त्यानंतर चाळीस वर्षांहून अधिक काळ ती तेथेच अडली. 2020 साली वॉशिंग्टन विद्यापीठातील तिघांनी ती दीडपटीच्या खाली आणल्याचे सिद्ध केले तेव्हा त्यांना देता आलेली सुधारणेची हमी दशांशचिन्हानंतर पस्तीस शून्ये देऊन मग एक लिहावा एवढीच होती. व्यापाऱ्याला हसू येईल; गणितज्ञांनी मात्र टाळ्या वाजविल्या, कारण भिंत अभेद्य नाही एवढे तर ठरले.

अदमासाचे याहूनही निर्मळ उदाहरण नाक्यांचे आहे. मेळघाटात गावांना जोडणारे पुष्कळ रस्ते आहेत, आणि वनखात्याला अशा बेताने नाके बसवावयाचे आहेत की प्रत्येक रस्त्याच्या दोहोंपैकी एका तरी टोकाला नाका असावा. कमीत कमी किती गावी नाके लागतील? हाही कार्प यांच्या एकवीस प्रश्नांपैकीच एक. येथे एक अगदी बाळबोध रीत आहे: ज्याच्या कोणत्याच टोकाला नाका नाही असा एखादा रस्ता घ्यावा आणि त्याच्या दोन्ही टोकांना नाके बसवावे, असे रस्ते संपेपर्यंत हेच करावे. आपण निवडलेल्या रस्त्यांची टोके एकमेकांत मिसळत नाहीत, आणि कितीही हुशार अधिकारी आला तरी त्या प्रत्येक रस्त्यासाठी त्याला निदान एक नाका लागणारच. म्हणून आपले नाके त्याच्या दुपटीहून अधिक होऊ शकत नाहीत. एका परिच्छेदात रीतही झाली आणि सिद्धताही. आता प्रश्न असा की दुपटीऐवजी 1.99 पटीची हमी देणारी वेगवान रीत आहे काय?

सुभाष खोत यांच्या 2002 सालच्या अनुमानाने या प्रश्नाला तोंड फोडले. यंत्रमागांच्या इचलकरंजीत जन्मलेले, 1995 साली आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेत देशात पहिले आलेले, मुंबईच्या आयआयटीत शिकून प्रिन्स्टनला गेलेले खोत त्या वेळी विद्यार्थीच होते. त्यांचे अनुमान थोडक्यात असे: गावांना रंग द्यावयाचे आहेत, आणि प्रत्येक रस्त्यावर अशी अट आहे की त्याच्या एका टोकाचा रंग ठरला की दुसऱ्या टोकाचा रंग एकच संभवतो. सर्व अटी पाळणे शक्य असेल तर तसे रंगविणे अगदी सोपे, कारण एका गावाचा रंग धरला की बाकीचे आपोआप ठरत जातात. परंतु शंभरांपैकी नव्व्याण्णवच अटी पाळता येण्याजोग्या असतील, तर ती स्थिती आणि शंभरांतील जेमतेम एक अट पाळता येण्याजोगी स्थिती, या दोहोंतील भेद ओळखणेदेखील, रंग पुरेसे अधिक असले की, एनपीच्या मुखत्यार प्रश्नांइतकेच अवघड आहे, असे खोत म्हणतात. या एका अनुमानातून काय काय निष्पन्न व्हावे? खोत आणि ओडेड रेगेव्ह यांनी दाखविले की ते खरे असेल, आणि पी व एनपी हे वर्ग भिन्न असतील, तर नाक्यांच्या प्रश्नाला 1.99 पटीची वेगवान रीत असूच शकत नाही. आपली ती बाळबोध दुपट हीच अखेरची मर्यादा. अन्य कित्येक प्रश्नांच्या बाबतींतही, आज ज्ञात असलेली उत्तम रीत हीच शक्यतेची परिसीमा आहे असे त्यातून निघते. या कामासाठी 2014 साली सोल येथील जागतिक गणित परिषदेत खोत यांना नेव्हानलिन्ना पारितोषिक मिळाले. अनुमान आजही अनुमानच आहे. पण 2018 साली खोत, डोर मिंझर आणि मुली साफ्रा यांनी त्याच्याच एका सौम्य रूपाची सिद्धता पुरी केल्यामुळे, निम्मी वाट तरी चालून झाली असे जाणकार मानतात.

इतर थोर प्रश्नांना येथे नुसता स्पर्श करता येईल. संख्या मूळ आहे की नाही हे नाणेफेकीची मदत घेऊन लवकर ठरविता येत असे; नाणेफेकीवाचूनही ते साधते, हे कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी 2002 साली सिद्ध केले, आणि दैवाची मदत सर्वत्रच अशी अनावश्यक आहे काय हा प्रश्न त्यामुळे अधिक तीव्र झाला. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सोपा आणि गुणाकारावरून त्या संख्या ओळखणे दुर्घट, या समजुतीवर 1977 पासून एक मोठी गुप्तलेखनपद्धती उभी आहे. ती समजूत अद्याप सिद्ध नाही, आणि पुंजयंत्र, म्हणजे क्वांटम संगणक, मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात आले तर ती ढासळेल, हे पीटर शोर यांनी 1994 सालीच दाखवून ठेवले आहे.

अमरावती आणि अकोला येथील अभियांत्रिकी व विज्ञान महाविद्यालयांतील अध्यापकांस माझी एकच विनंती आहे. या विद्येचा पेपर परीक्षेपुरता, पाठ केलेल्या व्याख्यांचा, उरकून टाकण्याची जी चाल पडली आहे ती त्यांनी एका वर्षासाठी बाजूला ठेवावी. पहिल्या तासाला ट्यूरिंगची सिद्धता फळ्यावर मराठीतून मांडावी, दुसऱ्या तासाला मेळघाटच्या नाक्यांचा प्रश्न मुलांपुढे टाकून दुपटीची रीत त्यांना स्वतःच शोधू द्यावी, आणि मग निःसंकोच सांगावे की 1.99 पटीची रीत आहे की नाही हे आम्हालाही ठाऊक नाही आणि जगात कोणालाही ठाऊक नाही. त्या प्रश्नावर काम करण्यासाठी महागड्या यंत्रांची प्रयोगशाळा लागत नाही.